मास्तरांची कंबर

आमचे हे आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. त्यामुळे "तुमच्या लिव्हरवर चरबी चढली आहे" असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा यांना आजारापेक्षा अपमानच जास्त झोंबला.

"माझं लिव्हर?" ते म्हणाले. "बाई, रिपोर्ट कुणाशी तरी बदलला असणार. नीट बघा."

बाईंनी नीट बघितलं. रिपोर्ट यांचाच होता.

ही गेल्या थंडीतली गोष्ट. आमचं शिवणाचं दुकान आहे. हे मशीनवर बसतात, यांचा धाकटा भाऊ कापड कापतो आणि हुक-बटणं, काजं माझ्याकडे. सगळं गाव यांना मास्तर म्हणतं, आणि त्याचा यांना जरा जास्तच अभिमान आहे. तर गेल्या थंडीत फ्लू घरात आणला मी. मी तो भाऊजींना दिला, भाऊजींनी यांना. चौथ्या दिवशी मी उठून काजं करत होते, पाचव्या दिवशी भाऊजी कात्री घेऊन उभे होते. यांचा ताप मात्र चढतच गेला. मग यांच्या तापाच्या चौथ्या दिवशी दम लागायला लागला, आणि अकरा दिवस हॉस्पिटलात नाकाला ऑक्सिजन लावून पडून होते. घर एक, आजार एक, मग यांच्याशीच एवढं वैर का? घरी सोडताना मी डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं.

"लिव्हर काही नुसतं अन्न पचवायला नसतं हो," त्या म्हणाल्या. "जंतूंशी लढायची बरीचशी सामग्री तिथं तयार होते. तिथंच चरबी साचली की अंगात आधीपासून सूज धुमसत असते. मग एखादा व्हायरस आला की ती भडकते, आणि भोगायला लागतं फुप्फुसांना. सगळ्यांचंच असं होत नाही, पण धोका वाढतो."

"पण मी पीत नाही!" यांचं पालुपद चालूच.

"चहा पिता ना? किती?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. "आठ कप," मी म्हटलं. "तीन-तीन चमचे साखर घालून. आणि दहा तास बैठक."

"मग दारूची गरजच काय?" बाई म्हणाल्या. "साखर बंद करा, चाला, पोट उतरवा. पुढच्या थंडीआधी फ्लूची लस घ्या. लिव्हर मोठं गुणी असतं. चरबी उतरली की ते पुन्हा सुधारतं."

यांनी मनावर घेतलं, हे मला मान्य करावंच लागेल. बिनसाखरेचा पहिला चहा पिताना असं तोंड केलं, की मला वाटलं परत हॉस्पिटल गाठावं लागणार. पण प्याले. तयार कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायला स्वतः चालत जायला लागले. रात्रीच्या जेवणात निम्म्यावर हात आखडता घेतला. फक्त वजनकाट्यावर उभं राहायला साफ नकार दिला.

"काट्यांत खोट असते," ते म्हणाले. "टेप खोटं बोलत नाही. कंबर मोजायची. दर सोमवारी."

मोजणार कोण? भाऊजी. नोंद कुठं? दुकानाच्या मापवहीत, गिऱ्हाइकांच्या मापांच्या शेजारी. पहिल्या सोमवारी भाऊजींनी टेप लावली आणि म्हणाले, "चव्वेचाळीस." पुढच्या सोमवारी चव्वेचाळीस. महिन्याने चव्वेचाळीस. तीन महिन्यांनी, पाच महिन्यांनी, चव्वेचाळीस! डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला जायची तारीख आली तर हे टाळायला लागले. कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणे.

सातव्या महिन्यातल्या एका सोमवारी भाऊजींनी पुन्हा तोच आकडा लिहिला, आणि यांनी शांतपणे साखरेचा डबा पुढ्यात ओढला. चहात एक, दोन, तीन, चार चमचे.

"अहो, काय करताय?"

"जे व्हायचं ते होणारच आहे. निदान गोड तोंडाने होऊ दे."

 थंडी महिन्यावर आली होती. डोळ्यांसमोर ती खाट उभी राहिली, ती नळी, आणि हाताने "तू घरी जा" अशी खूण करणारे हे. बोलायलासुद्धा दम पुरत नव्हता तेव्हा. मला इतका राग आला की मी कप उचलून मोरीत ओतला. हे तिरीमिरीत उठले आणि उठता उठता दोन्ही हातांनी पँट वर ओढली.

मी बघतच राहिले. ती पँट घसरत होती. आणि तिचा हुक मी स्वतः दोनदा आत सरकवला होता! दिवसाला पन्नास हुक लावते, त्यात नवऱ्याचा कुठला हे कुणाच्या लक्षात राहतंय?

"भाऊजी," मी म्हटलं, "माझ्यासमोर पुन्हा मोजा बघू."

भाऊजींनी यांच्या कंबरेभोवती टेप गुंडाळली, तिच्याखाली दोन बोटं घातली, मग तिसरं घातलं, मग सगळा पंजाच घातला आणि म्हणाले, "चव्वेचाळीस."

"हात काढा आधी!"

"असं काय करता वहिनी? आजारातून उठलेलं गिऱ्हाईक आहे. महिन्या-दोन महिन्यांत भरतं अंग. त्याला आजाराआधीच्या मापाचंच शिवायचं, नाहीतर कपडा परत येतो. बाबांनी शिकवलंय आम्हाला."

"पण तुमच्या दादाला पँट कुठं शिवायची आहे?"

 सात महिने त्यांचा हात आपोआप सैल सोडत गेला होता. दादाचं पोट जेवढं आत जाईल तेवढी बोटं टेपखाली वाढत होती, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. मी टेप हिसकावून घेतली आणि उघड्या पोटावर लावली. एकोणचाळीस.

"किती?" यांचा विश्वासच बसेना.

"एकोणचाळीस! पाच इंच गेले, मास्तर!"

हे आधी भावाच्या अंगावर धावले आणि मग त्याच्या गळ्यात पडले. दोघं कापायच्या टेबलाभोवती असे नाचले, की ट्रायलला आलेल्या बाई दारातूनच "मी मागाहून येते" म्हणून परत गेल्या. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. दुसऱ्याच दिवशी हे तपासणीला गेले, ताठ मानेने. लिव्हरचे आकडे जवळजवळ जाग्यावर आले होते. लस टोचून घेतली आणि दंड चोळत घरी आले.

पण खरी परीक्षा पुढंच होती. थंडीत आमची पाच वर्षांची नात फ्रॉकच्या ट्रायलला आली. आजोबा खाली बसून घेर बघत होते, आणि कार्टी त्यांच्या तोंडावरच शिंकली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या दिवशी यांना ताप.

मी वरून अगदी शांत होते. औषध देत होते, पाणी पाजत होते. आतून मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. ऑक्सिजन बघायचा चिमटा मी त्यांच्या बोटाला इतक्या वेळा लावला, की हे वैतागून म्हणाले, "अगं, बोट तरी माझं राहू दे." सत्त्याण्णव. शहाण्णव. पुन्हा सत्त्याण्णव. पहिल्या दिवशी ताप, दुसऱ्या दिवशी ताप आणि खोकला, तिसऱ्या दिवशी नुसती कणकण. चौथा दिवस उजाडला तेव्हा मी श्वास रोखूनच उठले, कारण मागच्या वेळी याच दिवशी दम लागायला लागला होता. हे पलंगावर बसून भाऊजींना ओरडत होते, की कॉलर उलटी कापलीस, सात वेळा सांगितलं होतं, तुला दिसत नाही का, आणि हे सगळं एका दमात.

तरी दुपारी मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलंच. बाईंनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, मोठा श्वास घ्यायला सांगितला, सोडायला सांगितला. मी दाराला धरून उभी होते.

"स्वच्छ," त्या म्हणाल्या. "छातीत काही नाही. दोन दिवस आराम करा आणि लागा कामाला."

आणि मला रडू फुटलं. हुंदक्यांवर हुंदके, थांबेचनात. पदराचा बोळा झाला तरी थांबेनात. बाई घाबरून खुर्चीतून उठल्या. हे तर शर्टाची बटणं लावायची सोडून माझ्याकडे धावले.

"अगं वेडे, ऐकलंस ना? छाती स्वच्छ आहे. चांगली बातमी आहे ही!"

"चांगली आहे म्हणूनच रडतेय," मी म्हटलं. "गेल्या वर्षी रडायला सवड कुठं होती मला?"

 हे माझ्या शेजारच्या स्टुलावर बसले, बटणं तशीच उघडी. बाईंनी बाहेरच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. मी पोटभर रडून घेतलं.