टपावरचा माणूस

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, ही माहिती मी आतापर्यंत इतक्या तऱ्हांनी लिहिली आहे की मला त्या प्राण्याचीच दया येते. माझी नोकरीच ती आहे. 'अबब' नावाच्या पानावर रोज सकाळी एक नवल टाकायचं, लोकांनी ते आपापल्या घरच्या ग्रुपवर ढकलायचं आणि संध्याकाळपर्यंत विसरून जायचं. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, हे वाचून कुणाचं काही बिघडत नाही. म्हणूनच ही नोकरी मला आवडायची.

आमचे संपादक मात्र प्राण्यांना आणि ग्रहांना कंटाळले. "माणूस आणा," ते म्हणाले. "हाडामांसाचा, विक्षिप्त." मी इंटरनेट पालथं घातलं. जे सापडलं ते सगळं दुसऱ्यांनी आधीच चघळून टाकलेलं होतं. मजकूर द्यायची मुदत संपत आली तेव्हा मी घरातलाच माणूस काढला.

आमचा धाकटा, म्हणजे माझा भाऊ, लिफ्ट मेकॅनिक आहे आणि तो लिफ्टमध्ये बसत नाही. केबिनच्या टपावर उभा राहून तो कितीही मजले वर जाईल, दोर तपासेल, वंगण लावता लावता गाणंही म्हणेल. पण त्याच केबिनच्या आत जाऊन दार लागलं की त्याचा श्वास अडकतो. लहानपणापासून असंच आहे, त्याला कारणबिरण काही नाही. दुरुस्तीनंतर आत बसून चाचणी घ्यावी लागते, ती त्याच्याऐवजी त्याचा जोडीदार, एक म्हातारा मिस्त्री, घेतो आणि कुठे बोलत नाही. मिस्त्री, आई आणि मी सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "कंपनीत कळलं तर हसून हसून मरतील," धाकटा म्हणायचा.

हसून मरण्यासारखं होतं, म्हणूनच तर मी ते लिहिलं.

तो ओळखू येऊ नये म्हणून मी देश बदलला, तिथे बर्फ पाडला, माणसाला जाड मिशा चिकटवल्या, वय वाढवलं. लपवण्यात जेवढी मेहनत घेतली त्याच्या पावपट मेहनतीत त्याला विचारता आलं असतं. संपादकांनी वाचलं आणि म्हणाले, "छान आहे, पण शेवट कुठाय? वाचणाऱ्याला लिफ्टमध्ये अडकवून ठेवू नका. बरा करा त्याला." मग मी त्याला बरा केला. एक दिवस त्याने जिभेखाली पेपरमिंटची गोळी ठेवली, डोळे मिटले आणि आत जाऊन बसला. गोळी विरघळेपर्यंत वरचा मजला आला आणि भीती कायमची पळाली. एवढ्या दोन वाक्यांत काम झालं.

'टपावरचा माणूस' तुफान चालला. खाली कॉमेंटमध्ये लोकांनी दात काढले. उपाशी राहणारा शेफ, केस वाढवणारा न्हावी, असे सगळ्यांना आपापले विनोद सुचले. मी मजेत वाचत होते आणि वाचता वाचता थांबले. एकाने लिहिलं होतं: "मी पण असाच आहे. मला वाटायचं मी एकटाच. या दादांशी बोलायचं आहे, कुणाकडे नंबर असेल तर द्या." नावाशेजारी आमच्या धाकट्याचा फोटो होता, मीच काढलेला.

मी घरी गेले तेव्हा तो दारातच उभा होता. फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "ताई, हे वाच. तुमच्याच पानावर आहे आणि तुला पत्ता नाही?"

"माणसं खूप आहेत लिहायला," मी म्हणाले. हे माझं पहिलं खोटं. पुढची सोपी गेली.

"अगं, अजून एक आहे असा. जगाच्या त्या टोकाला, पण आहे ना! आणि बरा झाला."

"गोळी चघळून?" आई म्हणाली. "मग माझे गुडघेही होतील."

"आई, तू थट्टा कर. मी मिस्त्रींना पण दाखवलं. ते म्हणाले, बघ बाबा, जमवून टाक, मी आता किती दिवस आहे." मिस्त्री महिनाअखेर निवृत्त होणार होते. नवा जोडीदार येणार, त्याच्यापासून हे लपणार नव्हतं. धाकटा माझ्याकडे वळला. "ताई, त्याचा पत्ता काढ ना. तुझ्या ऑफिसात कुणीतरी लिहिलंच असेल."

"बघते," मी म्हणाले.

तो रोज विचारायचा आणि मी रोज "बघते" म्हणायचे. त्याच्या कॉमेंटखाली कुणी नुसतीच हसरी तोंडं टाकत होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो त्या मिशावाल्याच्या उत्तराची वाट बघत होता. जेवताना त्या माणसाबद्दल असा बोलायचा की जणू तो आमच्या नात्यातला आहे. त्याला बायको असेल का? तिला त्याने आधी सांगितलं असेल का? मी खाली मान घालून जेवायचे. सांगायला मी रोज तोंड उघडायचे आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यात घास कोंबायचे. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

रविवारी सकाळी तो म्हणाला, "चल खाली. तू बरोबर असलीस की बरं." त्याच्या हातात पेपरमिंटचं पाकीट होतं.

आमच्या इमारतीची लिफ्ट लहान आहे. तिची देखभाल तोच करतो, तिचा स्क्रू न् स्क्रू त्याला ठाऊक आहे. तो तिच्यापुढे उभा राहिला आणि शर्टाला हात पुसू लागला. "तिला काही होणार नाही हे मला माहितेय," तो म्हणाला. "माहीत असून काय उपयोग."

"नको जाऊस," मी म्हणाले.

"का?"

तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "पुढच्या रविवारी कर."

त्याने गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि आत गेला. दार लागलं. मी जिन्याने धावत सुटले. पहिल्या मजल्यावर पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि तो बाहेर पायरीवर बसला होता, अंग घामाने निथळत होतं. गोळी त्याच्या तळहाताला चिकटली होती, तशीच, अख्खी. मी शेजारी बसून त्याची पाठ चोळत राहिले. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास ताळ्यावर आला.

"एका मजल्याच्या वर नाही जमलं गं," तो म्हणाला. "त्याला कसं जमलं? आधी वाटायचं, मी जगावेगळा आहे, जाऊ दे. आता तर माझ्यासारख्यांतही मीच कच्चा निघालो."

आता गप्प बसले असते तर मला स्वतःचं तोंड आरशात बघवलं नसतं. "असा कुणी नाही," मी म्हणाले. "तो तूच आहेस. मी लिहिलं ते. गोळीचं मी बनवलं."

तो रागावेल म्हणून मी अंग चोरून बसले होते. तो रागावला नाही. तळहाताची गोळी नखाने सोडवत राहिला.

"मिशावाला?"

"नाही."

"कुठेच नाही?"

"नाही रे."

"म्हणजे मी एकटाच," तो म्हणाला. मग उठला आणि जिना चढू लागला. मी मागोमाग गेले. "आजच काढून टाकते ते," मी म्हणाले. "सगळं काढते, तुझं खालचं लिहिलेलं पण."

तो थांबला. "माझं राहू दे. कोण जाणे, एखादा खरंच असेल तर त्याला दिसेल." दोन पायऱ्या चढून पुन्हा वळला. "गोळीचं तेवढं खोड. उगाच कोणीतरी वाचेल आणि आत जाऊन बसेल."

दुसऱ्या दिवशी मी ती दोन वाक्यं काढली. संपादक चिडले, म्हणाले आता ही गोष्ट लंगडी वाटते. मी म्हटलं, वाटू दे. सगळं बनावट होतं, अशी ओळ खाली टाकते म्हटल्यावर त्यांनी मला आठवडाभर पुन्हा प्राण्यांकडे पाठवलं. ओळ मात्र टाकू दिली नाही, आणि मीही नोकरी सोडली नाही.

मिस्त्री निवृत्त झाले. नव्या जोडीदाराला धाकट्याने पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. तो थोडा हसला आणि चाचणीला आत जाऊन बसला, एवढंच. हे मला आईकडून कळलं.

आधी धाकटा कामावरून आला की हातपाय धुवायच्या आतच मला गमती सांगायला लागायचा. आता तो सरळ जेवायला बसतो. परवा मीच विचारलं, "काय रे, आज कुठे होतास? काही झालं का?"

तो घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "लिहायला विचारतेस की असंच?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"असंच," मी म्हणाले.

"काही विशेष नाही झालं," तो म्हणाला आणि जेवू लागला.