कवळीविना दिलेला शेरा

दचकू नका, मी कवळी बोलतेय. नाशिकच्या एका हायस्कुलाचे हेडमास्तर गायधनी सर, त्यांच्या तोंडात माझं उभं आयुष्य गेलं. आजवर माझ्यातून निघालं ते सगळं त्यांचं होतं. आज पहिल्यांदाच मी माझं स्वतःचं बोलतेय.

माझा जन्म मुंबईचा. तांबूस रबराची हिरडी आणि चिनीमातीचे दात. सरांच्या तोंडाचं अकाली बोळकं झालं होतं आणि ते 'शिस्त' म्हणायला गेले की पोरं दात काढायची. मी आले आणि त्यांचा आवाज फाटकापर्यंत खणखणीत जाऊ लागला. 'शिस्त' हा शब्द ते इतक्यांदा म्हणत की माझे पुढचे दात झिजले असतील! दुपारी जेवण झालं की मला पेल्यात ठेवून सर खुर्चीतच डुलकी घेत. जेवल्यावर माणसाला झोप येते आणि जाग आली की राग येतो, हे मी त्या पेल्यातूनच पाहिलं.

चौतीस सालची गोष्ट. विंचूरच्या शेतकऱ्याचा मुलगा गोरक्ष मॅट्रिक झाला आणि दाखला न्यायला आला. पोरगा हुशार, पण तेवढाच वांड. एकदा त्यानं मॉनिटरच्या जागी बकरी बांधली होती, त्याची नोंद शाळेच्या दप्तरी होतीच. आता त्याला पुण्याच्या शेतकी कॉलेजात जायचं होतं. तिथे जागा मोजक्या. दाखल्यावर वर्तणुकीचा शेरा वाईट असला की अर्ज आल्या पावली परत. हे त्याला ठाऊक होतं, तरी सरांना घोरताना पाहून त्याचे हात शिवशिवले. शेजारी शास्त्राच्या खोलीत एक बिनदातांची कवटी होती. पठ्ठ्यानं मला उचललं आणि तिच्या जबड्यात बसवलं.

भिका शिपाई झाडायला आला आणि हसणारी कवटी पाहून किंचाळला. सर जागे झाले. पेला चाचपला तर नुसतं पाणी! कुणी केलं हे विचारायची गरजच नव्हती. गोरक्ष दारात पोट धरून हसत होता. सर कडाडले. ते कारकुनाला सांगायला गेले, "नजीर, ह्याच्या वर्तणुकीपुढे लिहा, बेशिस्त!" पण मी भिंतीपलीकडे. मधली 'शि' हिरड्यांतच विरघळली, 'स्त'चा 'श्त' झाला आणि बाहेर पडलं, "बेश्त!"

नजीरभाई दाखले इंग्रजीत लिहीत. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'बेस्ट'. सरांनी रागाच्या भरात न वाचताच सही ठोकली.

पुढच्या आठवड्यात गोरक्ष कांद्यांची पिशवी घेऊन आला आणि सरांच्या पायाच पडला.

"सर, माझं लय चुकलं. मी तुमचे दात पळवले अन् तुम्ही बेस्ट लिहिलं! आई म्हनली, आधी सरांच्या पाया पड, मग पुण्याला जा."

"मी? बेस्ट?" सरांनी दाखला ओढून घेतला. नजीरभाईंना बोलावणं गेलं.

"साहेब, तुम्हीच सांगितलंत," ते गोंधळून म्हणाले. "मला वाटलं, साहेबांनी मन मोठं केलं."

गोरक्षचा चेहरा उतरला. "म्हंजे चुकून झालं व्हय?"

सरांनी शेरा खोडायला टाक उचलला. ते दातओठ खात होते, म्हणजे मलाच खात होते. मला त्या पोराची फार दया आली, पण कवळीला कोण विचारतो?

सरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. टाक खाली ठेवला.

"नजीर, त्या दिवशी मी काय म्हणालो ते आता नीट ऐका."

एवढं बोलून त्यांनी मला काढलं, पेल्यात सोडलं, आणि अख्खं बोळकं पसरून म्हणाले, "बेश्त!"

"तेच लिहिलंय, साहेब," नजीरभाई म्हणाले.

गोरक्ष पुण्याला गेला. सरांनी पुढे नवी कवळी केली आणि मी फडताळातल्या फुटक्या कपात येऊन पडले. विंचूरचे कांदे अजून येतात, ते चावते मात्र ती नवी. माझं एवढंच ऐका: कुणाच्या वर्तणुकीवर शेरा मारायची वेळ आली, तर दातओठ खाऊन मारू नका. आयुष्यभर सरांचे उच्चार मीच शुद्ध केले. पण त्यांच्या तोंडून सगळ्यांत शुद्ध शब्द निघाला, तेव्हा मी पेल्यात होते.