पालखी ओहोळापलीकडे

आमच्या गावात वर्षभरात जन्मलेलं मूल चैत्रातल्या जत्रेला गावदेवीच्या वाटेवर निजवतात. आई गोधडी पसरते, मूल ठेवते आणि बाजूला होते. मग भोई पाय जपून टाकत पालखी त्याच्यावरून नेतात. एकदा मूल खाली ठेवलं की पालखीने माघारी फिरायचं नाही, असा नेम. फिरली तर देवीने लेकराकडे पाठ केली असं होतं.

आमच्या कातकरी वाडीतलं मूल मात्र कधी त्या वाटेवर निजलं नाही. पालखी गावभर फिरायची, ओहोळापर्यंत यायची आणि तिथून वळायची. आमची वाडी ओहोळाच्या या काठाला, आम्ही इथूनच हात जोडायचो. मी तान्ही असताना आई मला उंच धरायची म्हणे, निदान देवीला दिसावी म्हणून.

माझी मनस्वी पाच महिन्यांची आहे. तिला लांबून दाखवायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

निवडणुकीआधी गावातला शेखरदादा वाडीत झेंडे वाटायला आला. पक्षाचा तरुण पुढारी. म्हणाला, "जातपात विसरा आता. आपण सगळे हिंदू."

मी ओट्यावर मनस्वीला पाजत होते. म्हटलं, "मग दादा, पालखी ओहोळ का ओलांडत नाय?"

"अगं रविना, ती जुनी पद्धत."

"झेंडा बरा ओलांडून आला!"

बाया खुसूखुसू हसल्या. तो घाईने म्हणाला, "येईल गो. या वर्षी पालखी येईल, माझा शब्द."

जत्रेच्या दिवशी पालखी आली, ओहोळाच्या काठावर थांबली. पुढे मानकरी धाकलूबाबा, हातात चांदीची काठी. "इथंच आरती करा न फिरा," ते म्हणाले. मी शेखरदादाकडे पाहिलं. तो फोनमध्ये बघत होता.

कोरड्या ओहोळात मी धावत उतरले. भोयांच्या पायांपुढे वाळूत गोधडी टाकली, मनस्वीला ठेवलं. घाईत तिचं टोपरंच सुटलं.

ढोल थांबले.

"उचल गो पोरीला!"

"नाय उचलत, बाबा. तुमाला फिरायचं असंल तर फिरा."

मनस्वी पालखीचे गोंडे बघत पाय उडवत होती. धाकलूबाबांनी वाकून तिच्याकडे बघितलं. मग काठी पुढे केली. "नेम म्हंजे नेम. चला रे, पाय बघून."

पालखी माझ्या लेकीवरून गेली. मी तिला उचलून इतकं घट्ट धरलं की ती रडायलाच लागली.

आता पालखी आमच्या बाजूला होती. बाबांनी वळायची खूण केली, तर पुढच्या वाटेवर शेजारच्या जनीने आपला अक्षय निजवलेला! तो ओलांडला, तर पुढे आणखी एक. बाया एकीमागून एक पोरं आणून ठेवत सुटल्या. एक तर चांगला शाळेत जाणारा, निजल्या निजल्या बिस्कीट खात.

"हा केवढा घोडा! हा या वर्षीचा काय?"

"त्याच्या वर्षी तुमी आलाच नाय ना, बाबा!"

भोईसुद्धा हसले. शेखरदादा आता पुढे येऊन फोनवर चित्रण करत ओरडत होता, "बघा, सगळे हिंदू एक!"

जनी म्हणाली, "दादा, फोन ठेव न खांदा दे. ते बघ, भोई दमलं."

सगळ्यांसमोर त्याला फोन खिशात घालावा लागला.

अशी पालखी शेवटच्या झोपडीशी आली. तिथं सकुबाई एकटी राहते, मूलबाळ नाही. आता वळायचं म्हणून बाबा थांबले, तोच म्हातारी काठी टाकून स्वतःच वाटेवर आडवी झाली.

"सकू, अगं तू काय तान्ही हायस?"

"मला तरी कंदी निजवली होती? माझी आय हात जोडून जोडून मेली." तिने पदर नीट केला, डोळे मिटले. "चला, पाय बघून."

धाकलूबाबांनी काठी बगलेत मारली आणि दांडीला स्वतःचा खांदा लावला. पालखी एवढी वर उचलली गेली की गोंडे झोपडीच्या छपराच्या पाख्याला घासले. ढोल पुन्हा वाजायला लागले, आणि वाडीतली सगळी पोरं पालखीपुढे नाचत सुटली.