दुपारी चारचं बीज

"दोन्ही नळ्यांत एकही बीज नाही. संपलं," म्हणत मी हातमोजे काढायला लागलो.

"तुमचं संपलं असेल डॉक्टर, माझं नाही," लॅबच्या खिडकीतून दुर्बीणबाई म्हणाल्या.

हे नाव त्यांना आम्हीच ठेवलेलं. स्त्रीबीज शोधायचं काम त्या बावीस वर्षं करतात. पोटातून काढलेलं पाणी बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली थेंबन् थेंब बघायचा, आणि रिकामं वाटलं तरी रक्ताची गुठळी सोडवून पुन्हा बघायचं. मला त्यांच्या या चिकाटीचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू?

टेबलावरची पेशंट शिवणकामावर पोट भरणारी, वय एक्केचाळीस. टेस्ट ट्यूब बेबीसाठीची ही तिसरी आणि शेवटची खेप, पुढे तिच्या शरीराला झेपणार नव्हतं. तिचे रक्ताचे रिपोर्ट बघूनच मी मनातल्या मनात हात टेकले होते.

"सापडलं. गुठळीत दडून बसलं होतं."

"कसं आहे?"

"कच्चं."

"मग उपयोग काय? तिचा एएमएच बघितलात ना? शून्य पॉइंट तीन."

"तो रक्ताचा रिपोर्ट झाला. पोटात बीजं किती उरलीत, एवढंच त्यातून कळतं. हे एक कसं निघेल ते त्याला काय ठाऊक?"

मी हातमोजे डब्यात टाकले.

बीज त्यांनी उबेच्या पेटीत ठेवलं. दर दोन तासांनी काढून बघायच्या, जेवण तसंच राहिलं. चार वाजता मला हाक आली. बीजाच्या कडेला बारीकसा गोल ठिपका सुटला होता. बीज पक्व झाल्याची तीच खूण. मला भयंकर आनंद झाला आणि सकाळच्या बोलण्याची लाजही वाटली. बाईंनी पेशंटच्या नवऱ्याचा एक शुक्रजंतू सुईने त्यात सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीज जसंच्या तसं होतं. फळलं नव्हतं.

"फोन करून सांगतो," मी म्हणालो.

"फोनवर काय सांगता? बोलवून घ्या तिला."

ती एकटीच आली. नवऱ्याला खालीच बसवलं होतं.

"खराबच होतं ना हो?" तिने विचारलं. "सासूबाई म्हणतातच, माझ्यातच खोट आहे."

मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "खराब कोण म्हणतं? सकाळी कच्चं होतं, चारपर्यंत पक्व झालं. मी डोळ्यांनी बघितलंय. पुढे का अडलं ते मला माहीत नाही, आणि या डॉक्टरांनाही नाही."

हे खरंच होतं.

"बघता येईल मला?"

लॅबमध्ये पेशंटला नेत नाहीत. बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. तिला टोपी आणि गाऊन चढवला आणि स्वतःच्या स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर त्यांनी मला कधी टेकू दिलेलं नाही.

ती वाकली. "एवढंसं?"

"एवढंसंच असतं. आपण सगळे तिथूनच आलो."

ती डोळे लावून बघत राहिली. पुढची पेशंट टेबलावर तयार होती, नर्स दारात येऊन खुणा करत होती.

"डोळे भरून आले, आता दिसत नाही हो," ती म्हणाली.

"मग पुसा आणि सावकाश बघा," बाई म्हणाल्या. "मी इथेच आहे."

मी नर्सला हाताने परत पाठवलं.