दमलेलं मेंढरू

दमलेलं मेंढरू हाकायचं नाही, उचलायचं, हा येडूच्या घरातला जुना नियम. घोंगडीत घ्या, खांद्यावर टाका, घोड्यावर बांधा, पण काठी लावू नका. वळसंगच्या माळावर मेंढरांमागं चाळीस वर्षं काढली, तरी येडूनं तो एकदाही मोडला नव्हता.

त्याचा थोरला पोरगा बिरुदेव फौजेत होता. बर्फातल्या चौकीवरून महिन्याच्या सुट्टीवर आला आणि पहिले चार दिवस नुसता झोपला. राजाबाईनं लेकासाठी हौसेनं केलेलं मटण दोनदा गरम झालं आणि शेवटी कुत्र्याच्या वाट्याला गेलं. शेजारचे म्हणाले, सरकारनं कुंभकर्ण पोसलाय. येडूही हसला. पाचव्या दिवशी आईच्या हातून ताटली पडली, तर हा चवताळून तिच्या अंगावर धावून गेला आणि मग गोठ्यामागं जाऊन हमसून हमसून रडला. ज्यानं कधी कोकराला शिवी दिली नाही, तो! त्यानंतर कुणी हसलं नाही.

सुट्टीचे तीन दिवस उरले होते. आज मेंढरं मीच नेतो म्हणून बिरुदेवनं हट्ट धरला. दुपारी भाकरी घेऊन येडू माळावर गेला, तर पोरगा लांबूनच दिसला, काठीवर हनुवटी टेकून एका पायावर उभा. येडूला बरं वाटलं. वर्दी चढली तरी धनगराची ढब गेली नाही म्हणायची.

जवळ गेला तेव्हा दिसलं ते वेगळंच. मेंढरं शेजारच्या कापलेल्या ज्वारीच्या रानात शिरून खोडाचे कोवळे फुटवे खात होती. तो फुटवा म्हणजे जनावराला विष. धनगराच्या पोराला हे बोलता येण्याआधी कळतं. येडूनं मेंढरं हुसकली, धावपळ करून गुळाचं पाणी पाजलं, तरी सहा मेंढरं पाय झाडून गेली. एवढा गोंधळ झाला तरी बिरुदेव जागचा हलला नव्हता. त्याचे डोळे उघडे होते. येडूनं गदागदा हलवल्यावर तो भानावर आला आणि मेलेली मेंढरं बघून मटकन खाली बसला.

"तितं बी असंच हुतंय, आबा," तो म्हणाला. "चौघांचा पहारा दोघं करतोय. समोरचं दिसतंय, पर डोक्यात काय शिरत न्हाय."

मेंढरांचं दुःख येडूला झालंच. पण त्याहून मोठी भीती छातीत बसली. हा असाच तिथं उभा राहिला, तर परत येणार नाही. दोन दिवस त्यानं लेकाचा पिच्छा पुरवला. सोलापुरात मोठ्या डॉक्टरला दाखवू, कागद घेऊ, सुट्टी वाढवून मागू. बिरुदेव ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा.

"माझ्या जागी जोतिराम उबा हाय," तो शेवटी म्हणाला. "आपल्याच जिल्ह्यातला, केमचा. अकरा म्हयनं झालं, त्यानं घर बघितलं न्हाय. मी गेल्याबिगर त्याची सुट्टी सुटत न्हाय. त्याला काय सांगू?"

आपलं लेकरू वाचवायचं तर दुसऱ्याचं तिथंच उभं ठेवायचं. येडूच्या जिभेवर आलं होतं की ठेव. पण लाज वाटली, आणि तो लेकाची पिशवी भरू लागला.

सोलापूर स्टेशनवर गाडीला अवकाश होता. गाडी आली की उठवा, असं सांगून बिरुदेव बाकावर आडवा झाला आणि त्याच क्षणी झोपला. नाहीच उठवलं तर? येडूला मोह झाला. पण मग लेकावर पळून गेल्याचा शिक्का बसेल. शेवटी त्यानं खिशातला कागद काढला. अडीअडचणीला म्हणून बिरुदेवनं त्यावर आपल्या साहेबाचा नंबर लिहून दिला होता.

फोन लागला. मोडक्या हिंदीत येडूनं सांगितलं, मी बिरुदेवचा बाप. साहेब अदबीनं बोलला, घरची खुशाली विचारली. मग बराच वेळ आवाजच नाही. मग त्यानं विचारलं, आपण कुणाचे वडील? येडूनं पुन्हा नाव सांगितलं. पुन्हा तसाच खंड पडला आणि पुन्हा तोच प्रश्न आला.

येडूच्या ध्यानात आलं, राखणाराच पेंगत होता. गाऱ्हाणं सांगायचं कुणाला? पोरगा आज निघतोय, एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला.

गाडी आली. येडूनं हाक मारली, खांदा हलवला, बिरुदेव जागा होईना. लहानपणी दमला की याला कोकराबरोबर घोंगडीत घेऊन येडू कोस कोस चालला होता. आता हा उचलायचा कसा, आणि उचलून न्यायचा कुठं? गाडी पाचच मिनिटं थांबणार होती. येडूनं काठीचं टोक लेकाच्या बरगडीत खुपसलं.

बिरुदेव दचकून उठला, पिशवी उचलली, बापाच्या पाया पडला आणि डब्यात चढला. खिडकीशी बसेपर्यंत त्याची मान कलली होती. गाडी हलली तेव्हा त्याला कळलंही नाही.

संध्याकाळी राजाबाईनं दारातच विचारलं, पोरगं नीट गेलं का.

"गेलं न्हाय," येडू म्हणाला. "म्या हाकलं त्याला."