शून्य गुण

“बाबा, उड्या मारू नका. ही परीक्षा नाहीये,” लेक म्हणाली.

पण घरातला ताण मोजायचा म्हटल्यावर मला कुठला धीर! सव्वीस वर्षं मी कारखान्यात बॉयलरच्या दाबाचे काटे तपासतोय. लेकीला कॉलेजच्या अभ्यासासाठी घरोघरी वीस प्रश्नांचे कागद भरून घ्यायचे होते. एका प्रश्नाला शून्य ते चार गुण. जितके गुण जास्त, तितका ताण जास्त. म्हटलं, सुरुवात आपल्याच घरापासून. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली माझी आई सोडली, तर आम्ही तिघं.

माझे एकतीस आले. लेकीचे चव्वेचाळीस.

“वा! बापाच्याही पुढे गेलीस,” मी म्हणालो. कधी एकदा बायकोचीही बेरीज करतो असं मला झालं होतं.

बायको हात पुसत आली. तिनं उभ्या उभ्याच कागद भरला आणि परत ओट्याकडे गेली. बघतो तर वीसही ठिकाणी शून्य.

“अगं, घरात साधू बसलाय आणि आम्हाला पत्ताच नाही!” मी टाळी वाजवली. लेकही हसली.

आणि माझे हात तिथंच थांबले. पेटलेल्या बॉयलरवर काटा शून्य दाखवत असेल, तर आम्ही नाचत नाही. नळी तुंबलेली असते. दाब आत असतोच, काट्यापर्यंत पोचत नाही एवढंच. कारखान्यात हे नवशिक्यालाही कळतं. तीन वर्षं आईचं सगळं अंथरुणात ही करतेय, आणि मी टाळ्या वाजवतोय.

मी कागद घेऊन तडक ओट्यापाशी गेलो.

“हे पुन्हा भरू. मी वाचतो, तू बोल.”

“का? चुकलं का काही?”

“प्रश्न सातवा. दमल्यावर सांगायला घरात कुणी नाही, असं वाटतं का?”

तिनं नळ बंद केला. “कुणाला सांगू? तुम्ही आल्या आल्या कारखान्याचं सुरू करता.”

खरंच होतं. मला लाज वाटली. “चार लिहू?”

“लिहा,” ती म्हणाली. “बाकीचेही वाचा.”

तेवढ्यात आतून आईनं हाक मारली. बायको सवयीनं वळली.

“थांब. मी जातो.”

“कूस बदलायची असेल. उशी कुठं लावायची ते तरी ठाऊक आहे का?”

“नाही. सांग.”

“पाठीमागे, कमरेच्या जरा वर.” ती स्टुलावर बसली. “आणि जाताना दार ओढून घ्या. मला दहा मिनिटं बसू द्या.”