कुठली भिंत?

खुर्चीच्या पायातून निसटलेलं रबरी बूच, काळं, एका बाजूने झिजून तिरकं झालेलं, दालनाच्या मधोमध पडलं होतं, आणि ते उचलायला वाकता वाकताच तिला हसू फुटलं, कारण आता या बुचांची कटकट कायमची जाणार होती. पक्क्या खुर्च्यांना बुचं लागत नाहीत. पक्क्या खुर्च्या जमिनीत आवळून बसवतात, त्यांना लाल गाद्या असतात, त्या कुणाच्या बापाला हलत नाहीत... तिने बूच मुठीत धरलं आणि सकाळच्या रिकाम्या दालनात स्वतःभोवती एक गिरकी घेतली. चाळिशीला टेकलेल्या बाईने, गळ्यात संग्रहालयाचं ओळखपत्र अडकवलेलं असताना, घ्यावी अशी ती गिरकी नव्हतीच. पण बघायला होतं कोण?

काल संचालकांनी बोलावून सांगितलं होतं, तेही चष्मा पुसता पुसता, जणू एखादा दिवा बदलायचा असावा. "तुमचं मंजूर झालं. नाट्यगृह पक्कं करून टाकू. मंच कुठल्या भिंतीला हवा तेवढं उद्या ठरवा, चारला सुतार मापं घ्यायला येईल. आणि उद्या म्हणजे उद्याच हं. नाणी विभागवाले टपून बसलेत. तुम्ही घोळ घातलात तर हे पैसे त्यांच्याकडे जातील."

घोळ? ती कशाला घोळ घालेल... किती वर्षं मागत होती ती. मातीच्या भांड्यांच्या दालनाला लागून असलेली ही मोठी चौकोनी खोली, चारी बाजूंना काळे पडदे, वर लोखंडी नळ्यांवर दिवे. सकाळी इथे व्याख्यान, दुपारी मुलांचं बाहुल्यांचं शिबिर, संध्याकाळी नाटक, आणि प्रत्येक वेळी खुर्च्या फिरवा, चौथरे ओढा, दिवे वळवा. माझं अर्धं आयुष्य सरकवण्यात गेलं, असं ती नवऱ्याला म्हणायची, आणि ते तसं खोटंही नव्हतं. कारण त्याआधीची माहेरची ती एक खोली... सकाळी आईचं शिवणाचं दुकान, संध्याकाळी भावंडांचा अभ्यास, रात्री पाच जणांची अंथरुणं. घडीची खाट उघडताना तिच्या पायाखाली आई चिंधीची घडी सारायची, खालच्या बिऱ्हाडाला आवाज जाऊ नये म्हणून. तिने लग्न ठरताना नवऱ्याला एकच विचारलं होतं, तुमच्याकडे पलंग रोज हलवावा लागतो का? बिचारा अजून ते चारचौघांत सांगून हसतो.

आता घरात सगळं जडच्या जड. आईसुद्धा आता तिच्याकडेच असते, स्वतःच्या खोलीत, शिसवी पलंगावर.

सकाळी भांड्यांवरचं व्याख्यान झालं तेव्हा पूर्वेची भिंत ठरलीच होती. वक्ते तिथे उभे राहिले, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत आला, ती मागे उभी राहून मनातल्या मनात लाल खुर्च्या मोजत होती आणि आनंदाने तिची छाती धडधडत होती. मग शिबिराची मुलं आली आणि त्यांनी पूर्वबिर्व काही न बघता खोलीच्या मधोमध फतकल मारली, बाहुल्या डोक्यावर धरल्या आणि एकमेकांनाच खेळ दाखवायला लागली. मुलांचं काय, ती कुठेही बसतात... तरी भिंत ठरलेली ती ठरलेलीच, असं तिने स्वतःला बजावलं आणि शिबिर संपल्यावर जेवायला गेली.

परत आली तर घोटाळा झालेला. पैलवान, म्हणजे खुर्च्या लावणारा, अंगाने काडी म्हणूनच पैलवान, त्याने संध्याकाळच्या नाटकाचा नकाशा उलटा धरला होता, आणि सगळ्या खुर्च्या दाराकडे तोंड करून बसवल्या होत्या. बरं, नुसत्या बसवल्या असत्या तर फिरवता आल्या असत्या. पण भांडी बघून दमलेले लोक येऊन त्यांवर टेकले होते, आणि समोर उघडं दार, म्हणून दाराकडे बघत होते. एकाने बघितलं म्हणून दुसऱ्याने. काहीतरी सुरू होणार, अशा चेहऱ्याने.

मागच्या पडद्याआडून आत आलेली ती तिथेच थबकली. तेवढ्यात दारातून एक आजोबा आत आले, एवढे डोळे आपल्यावर लागलेले बघून थांबले, छत्री बगलेत सावरली आणि विचारलं, "उशीर झाला का मला?"

सगळी खोली हसली. आजोबा पहिल्या रांगेत बसले आणि लगेच, तिने स्पष्ट बघितलं, लगेच, मान उंच करून पुढच्याची वाट बघायला लागले. मग दबक्या आवाजात भांडत एक जोडपं आलं. नवरा गप्प झाला, बायकोने केस सारखे केले आणि अशी काही झोकात चालत गेली की टाळ्या पडल्या. पडद्याशी उभी असलेली ती दोन पावलं पुढे आली. दार! इतक्या वर्षांत मी चार भिंतींचा विचार केला, दाराचा केलाच नाही...

"ताई, चुकलंच माझं," पैलवान कुजबुजला. "पाच मिनिटांत फिरवतो."

"हात लावू नका."

आणि का कोण जाणे तिला गेल्या आठवड्यातली सकाळ आठवली. आईने एकटीने तो शिसवी पलंग खिडकीकडे ओढला होता. ती केवढी रागावली होती, कंबर मोडून घ्यायचीय का, तिकडे काय वाईट होतं? आई पलंगावर बसून धापा टाकत होती आणि एखाद्या मुलीसारखी हसत होती. "वाईट काही नव्हतं गं. त्या बाजूला बघून बघून कंटाळा आला." तेव्हा तिला नुसता राग आला होता. आईला सुखात ठेवलं, आणि आई सरकवतेच आहे, म्हणून.

"हं, बोला, कुठली भिंत?"

संचालक आले होते, आणि सुताराने मापाची फीत उलगडून टोक तिच्या हातात दिलंसुद्धा. "धरा बाई भिंतीला. कुठल्या का होईना."

पूर्व. शब्द तोंडात तयार होता, लाल गाद्या डोळ्यांसमोर होत्या, आणि तिला त्या हव्या होत्या, अजूनही, अगदी मनापासून. ते पैसे नाणीवाल्यांना गेले तर ती महिनाभर नीट जेवणार नाही हेही तिला माहीत होतं. एका हातात फितीचं टोक, दुसऱ्या मुठीत कधीतरी पुन्हा घेतलेलं सकाळचं ते झिजलेलं बूच, आणि छातीत सकाळसारखीच धडधड... की ती सकाळपासून पुढे काय होणार याचीच होती, आणि तिने उगाच ती खुर्च्यांच्या नावावर लिहिली होती?

"बाई?" संचालक म्हणाले.

भांड्यांच्या दालनातून पावलं वाजली. कुणीतरी येत होतं. बसलेल्यांच्या माना दाराकडे वळल्या, सुताराची वळली, संचालकांचीही वळली, आणि फीत तशीच हातात लोंबत ठेवून, कोण येतंय ते बघायला, तीही वळली.